कडुनिंबाखालच्या चपला

गेल्या लग्नसराईत हिंगणघाटला भाच्याचं लग्न होतं. मंगल कार्यालयात पाऊल टाकलं आणि सवयीप्रमाणे मी आधी मागचं दार शोधलं. सापडलं. पण त्याला कुलूप होतं आणि कुलपापुढे गाद्यांची चळत रचलेली होती. झालं, माझं लग्नातलं लक्ष उडालं. मॅनेजरला गाठलं तर तो म्हणाला, "मावशी, त्या दारानं कोणी येत-जात नाई."

"येत नसतील. पण जा लागलं तं?"

"कुठं जा लागते?"

त्या बिचाऱ्याला काय सांगणार? वर कापडाच्या झालरी, झालरींत विजेच्या माळा, आत भट्ट्या पेटलेल्या, आणि एवढ्या वऱ्हाडाला बाहेर पडायला एकच दार, तेही फुलांच्या कमानीनं अर्धं अडलेलं. मी त्याच्या मागे लागून गाद्या हलवायला लावल्या, कुलूप काढायला लावलं आणि मगच अक्षता हातात घेतल्या. भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "तायडे, तू लग्नाले आली का तपासणीले?" सगळे हसले. मीही हसले. पण जेवायला बसले ती त्या मागच्या दाराशेजारीच.

मी भित्री आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी मला शूरवीर समजायला नको. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये माझी नोकरी झाली. शेवटची बरीच वर्षं आर्वी तालुक्यात, रोहण्याच्या बाजूच्या एका गावात मुख्याध्यापक होते. गावाचं नाव लिहीत नाही. तिथली माणसं अजून मला फोन करतात, त्यांना उगाच कोणी प्रश्न विचारायला नकोत. शाळा पहिली ते सातवी. एका ओळीत वर्गखोल्या, पुढे वऱ्हांडा, मग मैदान आणि फाटकाजवळ एक मोठा कडुनिंब. ओळीच्या शेवटी खिचडीची खोली, म्हणजे पोषण आहाराचं स्वयंपाकघर. तिला एकच दार होतं. एवढा नकाशा डोळ्यांपुढे ठेवा, पुढे लागणार आहे.

बाहेरच्या लोकांना वाटतं, मुख्याध्यापक म्हणजे खुर्चीवर बसून सह्या करणारा माणूस. सह्या असतातच. पण खरं काम वेगळं. सकाळी घरोघरच्या आया आपली पोरं आमच्या ताब्यात देतात आणि निर्धास्त शेतात निघून जातात. त्या निर्धास्त असतात, कारण त्यांची धास्ती आम्ही घेतलेली असते. मीटरची वायर लोंबते आहे का, पाण्याच्या टाकीवर कोणी चढलं का, सरपणाच्या ढिगात साप शिरला का, खिचडीचं उकळतं गंज उतरवताना कोणी मधे आलं का. वर्गात मी भागाकार शिकवत असायची आणि अर्धा कान बाहेर असायचा. दुसऱ्या वर्गाचा गोंगाट अचानक थांबला तरी मी खडू ठेवून दारात जायची. घरी नवरा म्हणायचा, "तुले पगार शिकवायचा भेटते, भेवाचा नाई." मला दोन्ही एकच वाटायचं.

या धंद्याची एक गंमत आहे. काम नीट झालं तर काहीच होत नाही, आणि काहीच झालं नाही म्हणून लोक हसतात. एका पावसाळ्यात शाळा सुटायच्या वेळी आभाळ काळंठिक्कर झालं, विजा कडकडायला लागल्या. पोरांची वाट उघड्या शेतांमधून. मी कोणालाच सोडलं नाही. वर्गांत बसवून गाणी म्हणायला लावली. थोड्या वेळानं रमेशभाऊ आले, छत्री घेऊन, तणतणत. हे आमच्या पालकांमधले सगळ्यात कडक गृहस्थ. बोलायला लागले की समोरच्याला वाक्य पुरं करू देत नसत.

"मॅडम, पोट्टे काऊन कोंडून ठेवले?"

"विजा चमकून राह्यल्या ना भाऊ. थोडं थांबा. ती छत्रीही बंद करा, दांडा लोखंडी आहे."

"आमी जनमभर विजेतच राह्यलो. आमाले काई झालं नाई."

वीज कुठेच पडली नाही. पाऊसही धड आला नाही. दुसऱ्या दिवशी गावात माझं नाव 'भेवदरी मॅडम' पडलं. वीज पडली असती तर मी हुशार ठरले असते, पण असल्या हुशारीची मला कधी हौस नव्हती.

तर अशा भेवदऱ्या बाईच्या हातात एक दिवस वरून पत्र आलं: शाळेत आपत्तीची रंगीत तालीम घ्या, फोटो पाठवा. आमच्या भाषेत मॉक ड्रिल. बऱ्याच ठिकाणी काय होतं ते सांगते. पोरांना मैदानात रांगेनं उभं करायचं, एकाला डोक्याला पट्टी बांधून निजवायचं, फोटो काढायचा, पाठवायचा, पोरांना परत वर्गात. माझी त्यानं भीती जाईना. मी आमच्या वानखडे सरांना म्हटलं, आपण न सांगता घंटा वाजवू. वानखडे सर मोठे शांत गृहस्थ, माझ्या अगदी उलट. ते म्हणाले, "मॅडम, पोरं घाबरतील."

"घाबरू द्या. आज घाबरतील तं त्या दिवशी कमी घाबरतील."

सरांनी घंटा लांब, न थांबता वाजवली. ठरलं होतं की वह्या-दप्तरं टाकून सगळ्यांनी कडुनिंबाखाली जमायचं. पोरं उठली, दाराशी आली आणि तिथेच अडकली. एकही वर्ग बाहेर पडेना. मी वऱ्हांड्यातून ओरडते आहे, आणि प्रत्येक दारात पोरं खाली वाकलेली, एकमेकांच्या अंगावर पडलेली, पुढचे उठत नाहीत आणि मागचे ढकलतात. काय शोधत होती? चपला.

आपल्याकडे वर्गात चप्पल घालून जात नाहीत. दाराबाहेर काढून ठेवायच्या, आत सतरंजीवर बसायचं. सरस्वतीचा फोटो असतो, सावित्रीबाईंचा, बाबासाहेबांचा असतो. कोणी शिकवावंही लागत नाही. आणि त्या चपलांच्या ढिगाऱ्यात आपली चप्पल सोडून पळणारं मूल अजून आमच्या भागात जन्माला यायचं आहे. पहिलीतली एक पोर एका पायातली चप्पल हातात धरून भोकाड पसरून बसली होती, दुसरी सापडत नव्हती म्हणून. मी तिला उचलायला गेले तर हातातून निसटून परत ढिगाऱ्यात घुसली.

मी सगळ्यांना एकत्र बसवून विचारलं, "अरे, खरी आग लागली असती तं? चप्पल मोठी का जीव मोठा?"

सगळे एका सुरात म्हणाले, "जीव!"

आणि पुढच्या तालमीला पुन्हा सगळे वाकून चपला शोधत होते. एका पोरीला बाजूला घेऊन विचारलं तर ती म्हणाली, "मॅडम, मागं चप्पल हरपली तं मायनं लय मारलं." आगीचा मार तिनं कधी खाल्ला नव्हता, आईचा खाल्ला होता. तिचं काय चुकलं?

पालकसभेत मी विषय काढला. सांगितलं की संकटात चप्पल हरवली तर पोरांना मारू नका. आया माना डोलावत होत्या. रमेशभाऊ मात्र म्हणाले, "मॅडम, तुमी चपला दारात ठेवायले लावता आनं दारातूनच पळा म्हन्ता. तुमीच सांगा, कसं जमंल?"

खोचक बोलले, पण बोलले खरं. मी घरी जाऊन विचार करत राहिले. चप्पल सोडून पोरं येत नाहीत. बरं, मग जिथे पोरांनी यावं असं वाटतं तिथेच चपला ठेवल्या तर?

असं आमच्या शाळेत ते सुरू झालं. मोडक्या बाकांचं लोखंड आणि फळ्या जोडून कडुनिंबाखाली लांबलचक मांडणी उभी केली. प्रत्येक वर्गाला एक कप्पा, प्रत्येक मुलाला आपली ठरलेली जागा. फाटकातून आत आलं की चपला तिथे काढायच्या आणि तिथून सिमेंटच्या गट्टूंच्या पायवाटेनं अनवाणी वर्गात यायचं. उन्हाळ्यात सकाळची शाळा, तरी गट्टू तापायचे, म्हणून सातवीची पोरं पायवाटेवर पाणी मारायची. सुरुवातीला त्रास झालाच. गावातली कुत्री चपला पळवायला लागली, म्हणून पुढे जाळी लावली. पावसाळ्यात एका चपलेत विंचू निघाला. नशीब, आधी पोरीनं पाहिला. तेव्हापासून चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही, असा नियम केला. अजूनही मी घरी चप्पल झटकून घालते आणि नवरा नुसतं बघत राहतो.

पण तालीम! लांब घंटा झाली की पोरं अशी सुटायची की बघत राहावं. दारात काही अडत नव्हतं, कारण त्यांना हवी होती ती वस्तू कडुनिंबाखाली होती. त्याहून मोठी गोष्ट मला नंतर उमगली. आपल्या कामातला सगळ्यात कठीण भाग म्हणजे सगळे आले का ते मोजणं. हजेरी घ्यावी तर घाबरलेली पोरं दुसऱ्याच्या नावाला 'हजर' म्हणतात. इथे हजेरी लागेचना. आलेलं मूल आपली चप्पल घालून उभं राहायचं. मांडणीकडे एक नजर टाकली की झालं. मी पोरांना ते इतक्या वेळा सांगितलं की पहिलीतलं पोरही झोपेत म्हणालं असतं: ज्याची चप्पल बाकी, तो आत आहे. मग कोणी तोंड दाबून हळूच सांगायचं नाही, ओरडून सांगायचं, "चप्पल बाकी!" पोरांना तो खेळच झाला.

हे सगळं मी थोड्या ऐटीत सांगते आहे, माझ्या लक्षात आहे. ऐट फार दिवस टिकली नाही.

कापूस वेचणीचे दिवस होते. गावातली बाई-माणसं शेतात. खिचडीच्या खोलीत सुनंदा स्वयंपाक करत होती. सुनंदा आमची स्वयंपाकीण. कामाला चोख आणि बोलायला मोकळी. तिची मुलगी प्रज्ञा आमच्याकडेच दुसरीत होती. प्रज्ञा म्हणजे आईचं शेपूट. मधल्या सुटीत इतर पोरं खेळायची आणि ही खिचडीच्या दारात बसून आईशी गप्पा मारायची. दुसरीचा वर्ग माझ्याचकडे होता. मी पाढे घेत होते, तेवढ्यात सुनंदाची हाक ऐकू आली. शब्द कळले नाहीत, पण तसला आवाज तिनं कधी काढला नव्हता. मी वऱ्हांड्यात आले. खिचडीच्या खोलीच्या दारातून काळा धूर बाहेर पडत होता.

सिलिंडरच्या नळीनं पेट घेतला होता. शेजारी तेलाचा डबा, वर प्लॅस्टिकचे डबे, तांदळाची पोती. हे नंतर कळलं. तेव्हा फक्त धूर दिसला. वानखडे सरांनी घंटेकडे धाव घेतली. लांब घंटा.

पोरं निघाली. एकमेकांचे हात धरून, जोडीजोडीनं, शिकवलं होतं तशी. मी दुसरीला पुढे घालून निघाले आणि मागे वळूनवळून धुराकडे बघत होते. कडुनिंबाखाली पोचलो, पोरांनी चपला झटकून घातल्या. मला वाटलं, जमलं. आणि तेवढ्यात गाव आलं.

धूर लांबून दिसला होता. बायका ओटीतला कापूस तसाच घेऊन धावत आल्या, बापे मोटारसायकली टाकून आले. फाटक उघडंच होतं. प्रत्येकानं आपलं पोर पाहिलं, उचललं आणि घेऊन गेला. कोणी शेजाऱ्याचं नेलं, कोणी बहिणीचं नेलं. वानखडे सर फाटकात हात पसरून ओरडत होते, "थांबा हो! सांगून तं जा!" कोण थांबतं? रमेशभाऊ दोन्ही काखांत दोन पोरं घेऊन गेले, त्यांतलं एकच त्यांचं होतं. मी कोणालाच दोष देत नाही. माझं पोर तिथे असतं तर मीही तेच केलं असतं. पण पोरांची मोजदाद आता शक्यच नव्हती. मैदानात नव्हती त्या पोरांतली कोणती घरी गेली आणि कोणती आत राहिली, कसं कळणार?

मी मांडणीकडे पाहिलं. वरचे कप्पे रिकामे, मधले रिकामे. दुसरीच्या कप्प्यात एक जोड होता. जांभळी चप्पल, अंगठा तुटलेला आणि सेफ्टी पिन लावून जोडलेला.

"चप्पल बाकी!" बाजूला उभी असलेली एक पोर ओरडली. या वेळी कोणी हसलं नाही. तीच प्रज्ञाची जोडीदार होती, तिच्या हातात हात घालून निघालेली.

"प्रज्ञा कुठं आहे?"

"मॅडम, हात सोडून पळाली. मायकडं चालली म्हने."

मी धावले. मला धावता येत नाही, गुडघे दुखतात, पण धावले. खिचडीच्या खोलीच्या कोपऱ्यावर पोचते तर भिंतीमागून सुनंदा येत होती. शाळेची टाकी रिकामी होती म्हणून ती मागच्या भाजीच्या वाडीतल्या हौदावर गेली होती. अनवाणी, दोन्ही हातांत भिजवलेली पोती, त्यांतून पाणी गळतंय. मला पाहून म्हणाली, "मॅडम, पोट्टे निंगाले ना सारे?"

तिची नजर माझ्या हाताकडे गेली. ती जांभळी चप्पल मी कधी उचलली ते मला आठवत नाही. सुनंदानं ती पाहिली. ती सेफ्टी पिन तिनं स्वतः लावलेली असणार. एक पोतं डोक्यावर ओढलं आणि दारात शिरली.

दुसरं पोतं खाली पडलं होतं. ते मी उचललं. मी पुढे काय केलं त्याचं गावात फार कौतुक झालं, पण खरं सांगते, त्यात धाडस असं नव्हतं. बाहेर एकटीनं उभं राहायची मला जास्त भीती वाटली. 'धुरात वाकून चालायचं, जमिनीलगत हवा असते,' असं पोरांना घोकून घेतलं होतं, तशी मी रांगत आत गेले. काही दिसत नव्हतं. डाव्या कोपऱ्यात ज्वाळा फुरफुरत होत्या आणि सुनंदा "प्रज्ञा, प्रज्ञा" म्हणून खोकत होती. माझ्या हाताला आधी तांदळाची कोठी लागली, मग कोठीमागे एक लहान पाय.

पोर पालथी पडली होती, तोंड फरशीला लावून, फ्रॉकचा घेर नाकावर ओढून. अगदी तालमीत शिकवल्याप्रमाणे. आम्ही दोघींनी तिला ओढत बाहेर आणलं. तिच्या छातीशी काहीतरी घट्ट धरलेलं होतं, ते काही सुटेना. उजेडात आल्यावर पाहिलं. सुनंदाच्या चपला होत्या.

तोवर सर आणि चार-पाच माणसं ओली पोती घेऊन आत गेली, नळीवर टाकली, कॉक बंद केला. आग विझली. मला त्याचं काही वाटलं नाही. मी पोरीचं पोट खाली-वर होतंय का तेच बघत होते. होत होतं.

पोरं घरी सोडून परत आलेल्या रमेशभाऊंनीच गाडी काढली. आधी आर्वी, मग तिथून वर्धा. सुनंदा मागे पोरीला मांडीवर घेऊन, मी पुढे. वाटेत पोर खोकली की जीव भांड्यात पडायचा आणि खोकायची थांबली की परत वर यायचा. एरवी कोणाला बोलू न देणारे रमेशभाऊ वर्ध्यापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. दवाखान्याच्या दारात उतरताना फक्त म्हणाले, "मॅडम, मी पोट्टे नेले तं तुमाले सांगाले पायजे होतं."

धूर छातीत गेला होता, एका दंडाला भाजलं होतं. डॉक्टर म्हणाले, पोर खाली तोंड करून पडली म्हणून वाचली. ऑक्सिजनची नळी निघाल्यावर मला भेटू दिलं. सुनंदा पलंगाच्या पायथ्याशी बसली होती. मी प्रज्ञाचा हात हातात घेऊन विचारलं. रागावून नाही, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"बेटा, काऊन गेलती वं आत? घंटा झाली होती ना?"

ती माझ्याकडे बघत राहिली, एवढी साधी गोष्ट मॅडमना कशी कळत नाही, अशा नजरेनं. आवाज बसला होता.

"मायची चप्पल होती ना दारात."

"मग?"

"तुमीच तं सांगतलं. ज्याची चप्पल बाकी, तो आत हाय."

सुनंदानं तोंडावर पदर घेतला. पदराआडूनच म्हणाली, "मॅडम, मी चप्पल घालून पळाली असती तं." मी तिला जवळ घेतलं. मला रडू आलं आणि मी रडले, पोरीसमोरच. एवढ्या तालमी घेतल्या, पण सगळ्या पोरांच्या. भाजी चिरत असलेल्या सुनंदाला 'तू पण चल' असं एकदाही कोणी म्हटलं नव्हतं. तिच्या चपला कुठे असाव्यात, हा प्रश्न कुणाच्या मनात आला नव्हता. पोरीनं मात्र मी शिकवलेलं सगळं तंतोतंत पाळलं होतं.

नंतर साहेब लोक येऊन गेले. मांडणीचं कौतुक केलं, फोटो काढले, अभिनव उपक्रम म्हणाले. मी त्यांना खिचडीच्या खोलीचं एकुलतं एक दार दाखवलं. मंजुरी कधी येईल ते कळेना, तेव्हा गावानंच एका रविवारी मागची भिंत फोडली आणि दुसरं दार बसवलं. पहिला घाव रमेशभाऊंनी घातला. मला म्हणाले, "तुमी निस्त्या उभ्या राहा, भेत." मी उभी राहिले, आणि खरोखरच भिंत कोणाच्या पायावर पडेल म्हणून भीतच होते.

आणि मांडणीला खाली एक कप्पा वाढवला, मोठ्यांचा. सुनंदा, शिक्षक, येणारे-जाणारे, सगळ्यांच्या चपला तिथे. एकदा एक साहेब लेसचे बूट घालून आले आणि तसेच वऱ्हांड्याकडे निघाले. फाटकात प्रज्ञा उभी होती. तेव्हा तिसरीत असेल. म्हणाली, "साहेब, बूट तिथं काढा." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं. बूट काढेपर्यंत पोर हलली नाही. पायमोज्यांतून गट्टूवर चालताना साहेब जरा अवघडले, पण गेले.

ती सवय तिला लागली ती लागलीच. शाळा सुटली की प्रज्ञा आधी मांडणी बघायची, वरून खालपर्यंत, आणि सगळे कप्पे रिकामे झाले की मगच आईचा हात धरून घरी जायची. कोणी तिला सांगितलं नव्हतं. मी एकदा म्हटलंसुद्धा, "बेटा, आग रोज नाई लागत." ती हो म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभी. मला वाईट वाटायचं. माझी भीती मी एका लेकराच्या अंगावर टाकली, असं वाटायचं. सुनंदा म्हणायची, "राहू द्या ना मॅडम, तिले बरं वाटते तं."

मी निवृत्त झाले तेव्हा प्रज्ञा सातवीत होती. निरोप समारंभ झाला. हार झाले, भाषणं झाली. रमेशभाऊंनी माझ्या भित्रेपणावर लांबलचक भाषण केलं आणि शेवटी स्वतःच रडले. सुनंदानं खिचडीऐवजी शिरा केला होता. मग एकेक करून सगळे पांगले. मी कार्यालयात वानखडे सरांना किल्ल्या समजावून देत बसले. कोणती कपाटाची, कोणती मीटरपेटीची, मागच्या दाराला कुलूप लावायचं नाही. सर दर किल्लीला "हो मॅडम" म्हणत होते. सर गेल्यावर मी उठले, दिवे बंद केले, परत एकदा सगळ्या वर्गांतून डोकावले.

बाहेर आले तर मैदान रिकामं होतं. फाटकाबाहेर सुनंदा सायकल धरून उभी होती. आणि कडुनिंबाखाली, मांडणीपाशी, प्रज्ञा.

मी म्हटलं, "काऊन थांबली वं पोरी? सारे गेले ना घरी."

तिनं खालच्या कप्प्याकडे बोट केलं. त्यात एकच जोड होता.

"तुमची चप्पल बाकी हाय ना, मॅडम."

मी पायवाटेनं तिच्यापर्यंत गेले. चपला कप्प्यातून काढून झटकल्या आणि पायांत घातल्या. प्रज्ञानं मांडणी एकदा वरून खालपर्यंत पाहिली, मग आईकडे गेली.